दीड अंश, पण कधीपासून?

2025च्या जानेवारीत थोड्या दिवसांच्या अंतराने दोन बातम्या आल्या. भारतीय हवामान खात्याने जाहीर केले की, 1901पासूनच्या नोंदींत 2024 हे देशातले सर्वांत उष्ण वर्ष ठरले. तापमान सरासरीपेक्षा 0.65 अंश सेल्सिअसने जास्त. पाठोपाठ जागतिक हवामान संघटनेने जगाचा आकडा दिला, 1.55 अंश. मी बारावीला भूगोल शिकवते. एका मुलीने विचारले, “मॅडम, म्हणजे आपल्याकडे निम्म्याहून कमीच तापलंय ना?”

प्रश्न रास्त होता. भारत जगाच्या सरासरीपेक्षा कमी तापला आहे, हे खरेच. पण ते या दोन आकड्यांवरून ठरवता येत नाही. हवामान खाते 1991 ते 2020 या काळाची सरासरी धरते, जागतिक संघटना 1850 ते 1900ची. गेल्या शतकातली बरीचशी वाढ पहिल्या सरासरीत आधीच जमा झालेली आहे. नासाने तर 2024साठी स्वतःच दोन आकडे दिले : 1951 ते 1980च्या तुलनेत 1.28 अंश, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या तुलनेत 1.47. दोन्ही बरोबर आहेत. तुलनेचा काळ न सांगता तापमानवाढीचा आकडा छापूच नये, असे माझे ठाम मत आहे.

आता तो जुना काळ मोजला कसा? पृथ्वीचा सत्तर टक्क्यांहून अधिक पृष्ठभाग समुद्राने व्यापलेला. एकोणिसाव्या शतकात खलाशी दोराने बादली सोडून पाणी वर ओढत आणि त्यात तापमापक बुडवत. बादली आधी लाकडी असे, पुढे कॅनव्हासची आली. कॅनव्हासमधून पाणी झिरपते, वाऱ्याने सुकते आणि डेकवर येईपर्यंत बादलीतले पाणी थंड होते. आपला माठ गार करतो तसेच. नंतर इंजिन थंड करण्यासाठी आत घेतलेल्या पाण्याचे तापमान नोंदवू लागले, ते किंचित जास्त भरे. म्हणून शास्त्रज्ञ या जुन्या नोंदी दुरुस्त करतात. “आकडे फिरवून तापमानवाढ दाखवतात,” असा आरोप मी अनेकदा ऐकते आणि मला त्याचा राग येतो, कारण घडते नेमके उलट. या दुरुस्तीमुळे जुना समुद्र थोडा उबदार ठरतो आणि जगाची एकूण वाढ मूळ नोंदींपेक्षा कमी दिसते.

जमिनीवर अडचण वेगळी. महाबळेश्वर आणि सातारा जवळ असूनही त्यांच्या तापमानात मोठा फरक असतो, पण एखादे वर्ष उष्ण गेले तर ते बहुधा दोन्हीकडे उष्ण जाते. म्हणून थेट तापमानांची सरासरी न काढता प्रत्येक ठिकाणी नेहमीपेक्षा किती फरक पडला, ते पाहतात. आर्क्टिकसारख्या प्रदेशांत, जिथे हवामान केंद्रेच विरळ आहेत, तिथला अंदाज कसा बांधायचा, यावर संस्थांच्या पद्धती वेगळ्या आहेत. या आणि अशा फरकांमुळे 2024साठी नासाचे 1.47 आणि युरोपच्या कोपर्निकस या हवामान सेवेचे 1.60.

खरा वाद मात्र व्याख्येचा आहे. 2015च्या पॅरिस करारात वाढ दीड अंशावर रोखण्याचा प्रयत्न करू, असे देशांनी मान्य केले. ‘औद्योगिकीकरणापूर्वी’ म्हणजे नेमके कोणते वर्ष आणि मर्यादा ओलांडली हे कसे ठरवायचे, ते करारात लिहिलेच नाही. एका वर्षावरून ठरवता येत नाही, कारण एल निनोसारख्या नैसर्गिक चढउताराने एखादे वर्ष जास्त तापते. आयपीसीसी ही संयुक्त राष्ट्रांची शास्त्रीय समिती वीस वर्षांची सरासरी घेते आणि तिचे मधले वर्ष धरते. शास्त्र म्हणून हे चोख आहे. पण मग मर्यादा ओलांडल्याचे दहा वर्षांनी कळणार, आणि तोवर धोरणे जुन्याच समजुतीवर चालणार.

ब्रिटनच्या हवामान संस्थेतले रिचर्ड बेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2023मध्ये तोडगा सुचवला : मागच्या दहा वर्षांच्या नोंदी आणि पुढच्या दहा वर्षांचे अंदाज जोडून सरासरी काढा. अंदाज चुकू शकतात, हा आक्षेप मला मान्य आहे. तरी दशकभर थांबण्यापेक्षा हे बरे. 2024चे वर्ष दीड अंशापलीकडे गेले असले, तरी जागतिक संघटनेच्या अहवालात अशा निरनिराळ्या पद्धतींनी काढलेली दीर्घकालीन वाढ 1.34 ते 1.41 अंशांच्या दरम्यान येते. त्या मुलीला मी हाच आकडा दिला, 1850 ते 1900च्या तुलनेत असे सांगून.