साखर आटली की पेशी पांगतात

मायक्रो-आरएनए हा जेमतेम 22 अक्षरांचा रेणू स्वतः प्रथिन घडवत नाही. दुसऱ्या जनुकाचा निरोप अडवणं, एवढंच त्याचं काम. त्यामुळे कर्करोगाच्या चर्चेत त्याच्यावर ‘गाठ वाढवणारा’ किंवा ‘रोखणारा’ असा शिक्का मारून मोकळं व्हायची सवय लागली आहे. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूतल्या आक्रमक गाठीत एमआयआर-451 या मायक्रो-आरएनएला यातला एकही शिक्का बसत नाही. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं, की ग्लुकोज मुबलक असताना हा रेणू वाढतो, कॅब39 या प्रथिनाला दाबतो. परिणामी ऊर्जेची टंचाई ओळखणारं एएमपीके हे एन्झाइम थंडावतं आणि पेशी भराभर विभागतात. ग्लुकोज आटलं की 451 घटतो, एएमपीके जागं होतं, विभाजन मंदावतं. पेशी तग धरतात आणि आसपास सरकू लागतात. शस्त्रक्रियेनंतर गाठ परतते ती अशा पांगलेल्या पेशींमुळेच.

हे सगळं प्रयोगशाळेतल्या बशीतलं, मेंदूत साखर अशी चालू-बंद होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण गाठीतही रक्तपुरवठा सगळीकडे सारखा नसतो; भरल्यापोटीच्या आणि उपाशी पेशी शेजारीशेजारी नांदतात. तेव्हा 451 वाढवणारं औषध पांगापांग रोखेल, पण धष्टपुष्ट पेशींच्या वाढीला हात देईल; घटवणारं औषध नेमकं उलटं करील. शिवाय एका मायक्रो-आरएनएची लक्ष्यं अनेक. एमआयआर-34ची नक्कल करणाऱ्या एमआरएक्स34 या औषधाची (मेंदूच्या नव्हे, इतर गाठींवरची) चाचणी 2016 मध्ये थांबवावी लागली, ती रोगप्रतिकारशक्तीच्या गंभीर दुष्परिणामांमुळे.