सायकल, घाम आणि वाळवंट



वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उंट उभा राहतो. पण दुबईजवळच्या वाळवंटात माणसं चक्क सायकली चालवतात! कोकणातल्या कितीतरी घरांतली माणसं नोकरीसाठी आखातात गेलेली आहेत, म्हणून हे नाव काहींनी ऐकलंही असेल. त्या जागेचं नाव आहे अल कुद्रा. तिथे फक्त सायकलींसाठी बांधलेला डांबरी रस्ता आहे. सगळा मिळून तो 80 कि.मी.पेक्षा जास्त भरतो. त्यातला मोठा वळसा सुमारे 50 कि.मी.चा आहे. जिथून निघालो तिथेच परत यायचं. दोन्ही बाजूंना वाळूच्या टेकड्या. मधूनच लांब सरळ शिंगांची पांढरी ऑरिक्स हरणं दिसतात. तिथे घाफ नावाचं झाड वाढतं, ते त्या देशाचं राष्ट्रीय झाड आहे. गंमत म्हणजे घाफ म्हणजे आपली शमीच! दसऱ्याला आपण तिची पूजा करतो.

उन्हाळ्यात तिथे दुपारी पारा 40 अंशांच्या वर जातो. म्हणून लोक बहुतेक थंडीच्या महिन्यांत, नाहीतर अगदी पहाटे सायकल चालवतात. आपल्या पनवेलला पारा सहसा इतका चढत नाही. मग आपल्याला उन्हाची भीती कमी, असं समजायचं का? मुळीच नाही. ते कसं, ते बघू या.

शरीराची भट्टी

आपण पायडल मारतो तेव्हा खाल्लेल्या अन्नातून शक्ती मिळते. पण त्या शक्तीचा साधारण चौथा हिस्साच सायकल पुढे नेतो. बाकीची सगळी उष्णता होऊन अंगात राहते. ती बाहेर टाकली नाही, तर अंग तापत जाईल. आपल्या शरीराचं तापमान 37 अंशांच्या आसपास राहायला हवं. म्हणून घाम येतो.

पण नुसता घाम आला म्हणजे अंग गार झालं, असं नव्हे. घाम वाळला पाहिजे. घरातला माठ आठवा. माठातलं पाणी बारीक छिद्रांतून झिरपतं, बाहेर येऊन वाळतं आणि वाळताना उष्णता घेऊन जातं. म्हणून पाणी गार होतं. पावसाळ्यात हवा ओली असते, तेव्हा माठातलं पाणी तितकं गार होत नाही आणि दोरीवरचे कपडेही लवकर वाळत नाहीत. कारण एकच!

1 लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला, तर तो सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता नेतो. तेवढ्या उष्णतेत साधारण 8 लिटर साध्या पाण्याला उकळी आणता येईल. मात्र घाम नुसता जमिनीवर टपकला, तर असा काही फायदा होत नाही.

करून पाहा

दोन्ही हातांच्या मागच्या बाजूला पाणी लावा. एका हातावर फुंकर घाला. दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी घालून तोंड आवळून धरा. कुठला हात गार लागतो? फुंकर घातलेला हात म्हणजे वाळवंट, आणि पिशवीतला हात म्हणजे आपलं पनवेल!

तिथला धोका, इथला धोका

वाळवंटात आतल्या भागात दुपारची हवा कोरडी असते. घाम येतो कधी आणि वाळतो कधी, ते कळतच नाही. सदऱ्यावर मिठाचे पांढरे पट्टे तेवढे राहतात. अंग कोरडं दिसतं, पण पोटातलं पाणी संपत आलेलं असतं. म्हणून तिथला शहाणा सायकलस्वार तहानेची वाट पाहत नाही. थोड्या थोड्या वेळाने घोट घेतच राहतो.

आपल्याकडे खाडी जवळ, समुद्र जवळ. हवेत आधीच ओलावा. घाम वाहतो, सदरा भिजतो, पण वाळत नाही. सायकल पळत असते तोवर वारा लागतो, म्हणून बरं वाटतं. थांबलो की घामाच्या धारा लागतात. उन्हाळ्यात नेऱ्याहून गाढेश्वर धरणाकडे जाणारा रस्ता घ्या. एका अंगाला माथेरानचे डोंगर, पावसात हिरवेगार असतात, ते एप्रिलमध्ये वाळून भुरे झालेले. दिसायला वाळवंटच, पण हवा मात्र कोकणची! चढावर वेग कमी होतो, वारा थांबतो आणि भट्टी जोरात चालू राहते.

हे नुसतं पुस्तकी ज्ञान नव्हे. 16 एप्रिल 2023 रोजी आपल्याच तालुक्यात खारघरला मोकळ्या मैदानावर मोठा सोहळा झाला. भर उन्हात माणसं तासन्‌तास बसली होती. उष्माघाताने 14 जण दगावले. ते सायकल चालवत नव्हते, नुसते बसले होते. सावली नसली की बसलेल्या माणसालाही ऊन सोडत नाही.

आपण काय करायचं?

1. उन्हाळ्यात सायकल सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर चालवा. गोव्याच्या महामार्गावर ट्रकांची वर्दळ असते, तिथे मुलांनी सायकल नेऊच नये.
2. निघण्याआधी पाणी प्या, बरोबरही घ्या. घाम फार गेला असेल तर ताक, लिंबाचं किंवा कोकमाचं सरबत मीठ घालून प्या.
3. सैल, सुती, फिकट रंगाचे कपडे घाला. डोक्याला टोपी हवी.
4. डोकं दुखलं, मळमळलं, पायात गोळे आले, तर शर्यत तिथेच सोडा आणि सावलीत बसा. यात कमीपणा काही नाही.
5. कुणी असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला किंवा बेशुद्ध पडला, तर लगेच 108 क्रमांकावर फोन करायला मोठ्यांना सांगा. त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता आणि वहीने, पुठ्ठ्याने, मिळेल त्याने वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

पाणी ओतायचं आणि वारा घालायचा, हे दोन्ही का, ते आता तुम्हांला सांगायला नको. माठाने ते आधीच शिकवलं आहे.

पालकांनो, मूल सायकल काढताना हवा भरली का, ब्रेक लागतो का, हे आपण विचारताच. उन्हाळ्यात आणखी दोन प्रश्न विचारा : पाणी घेतलंस का? आणि वाटेत सावली कुठे आहे?