धन्याचें नांव आणि कारागिराचा हात

आपल्या माजघरांतील जुनीं पितळी भांडीं उजेडांत धरून पाहिलीं, तर त्यांच्या कांठावर टिंबाटिंबांनीं कोरलेलीं नांवें दिसतात. कोठें आजोबांचें, कोठें आहेर करणाऱ्या मामांचें, शेजारीं लग्नाची तिथि. तें भांडें ज्यानें ठोकून घडविलें त्या तांबटाचें नांव मात्र कोठेंहि सांपडत नाहीं. ही गोष्ट आमच्या इतकी अंगवळणीं पडली होती कीं, तिच्यांत कांहीं विचार करण्याजोगें आहे असें कधीं वाटलें नाहीं. आमच्या नागपूरच्या एका तरवारीनें तो विचार करावयास लाविलें.

ही तरवार नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचे संस्थापक पहिले रघूजी राजे यांची. लंडनच्या सदबीज या पेढीनें २९ एप्रिल २०२५ रोजीं ती लिलावांत काढली व महाराष्ट्र सरकारनें वाहतूक, विमा इत्यादि धरून ४७ लक्ष १५ हजार रुपये खर्चून ती मिळविली. त्याच वर्षीं १८ ऑगस्टला ती मुंबईस पोंचली. रघूजी राजांचा पराक्रम वाचकांस ठाऊकच आहे. शाहू छत्रपतींकडून सेनासाहेब सुभा ही पदवी, बंगालवरील स्वाऱ्या, आणि १७५१ च्या तहानें पदरांत पडलेला ओडिशा व सालिना १२ लक्षांची चौथाई. १७५५ सालीं ते निवर्तले. पुढें नोव्हेंबर १८१७ मध्यें सीताबर्डीची लढाई झाली व भोसल्यांच्या खजिन्यावर इंग्रजांचा हात पडला. तरवारहि तेव्हांच गेली असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

तरवारीची जात फिरंग. पातें सरळ, एकधारी व यूरोपांत घडलेलें. मूठ मात्र या देशाची, बागलाणांतील मुल्हेरच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या घाटाची. समुद्रमार्गें फिरंग्यांच्या व्यापारांतून अशीं पातीं येत, म्हणून हें नांव. मुठीवर सोन्याचें नक्षीकाम असून पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत लेख आहे.

लोखंडावर सोनें बसविणें हें सोपें काम नव्हे. कोफ्तगिरी या नांवानें प्रसिद्ध असलेल्या रीतींत कारागीर प्रथम लोखंडावर उभ्याआडव्या अतिशय बारीक रेघा ओढून पृष्ठभाग खरखरीत करितो. मग केसासारखी सोन्याची तार आकृतीच्या वळणानें मांडून ती हलक्या हातोडीनें ठोकतो, तिला ऊब देतो आणि शेवटीं घोटून चकाकी आणितो. त्या रेघाच सोन्यास दांतांप्रमाणें धरून ठेवितात. घाव जड पडला तर तार पसरते, हलका पडला तर उखडते. असें काम करणाऱ्याची नजर व मनगट किती कसलेलें असेल, याची वाचकांनींच कल्पना करावी.

आणि लेखांत काय आहे? धन्याचें नांव आहे, पदवी आहे, फिरंग हा शब्दहि आहे. ज्यानें तीं अक्षरें बसविलीं त्याचें नांव नाहीं.

याच्या उलट इंग्लंडांतील प्रकार पाहावा. अठराव्या शतकांतील कित्येक आरमारी अधिकारी रुप्याच्या मुठीच्या तरवारी बाळगीत. त्यांतील एखादी आज हातीं आली, तर मुठीवरील बारीक छाप पाहून जाणते लोक तिचा रुपेकार व घडणीचें साल सांगूं शकतात. कारण, रुप्याच्या जिनसांवर कारागिरानें आपली खूण उठवावी हा त्या देशाचा कायदा १३६३ पासूनचा. सालाचें अक्षर लंडनांत १४७८ पासून सुरू झालें. हें कांहीं कारागिराच्या सन्मानार्थ नव्हतें. रुप्यांत हीण मिसळलें तर चोर कोण तें सांपडावें, एवढाच हेतु. अविश्वासानें मागितलेली खूणच कालांतरानें कीर्ति झाली! आपल्याकडेहि २०२१ पासून पुष्कळ जिल्ह्यांत सोन्याच्या दागिन्यांवर छाप सक्तीचा झाला आहे. परंतु त्यावरून कस कळतो, घडविणारा हात कळत नाहीं.

मध्यंतरीं आमच्या घरचें एक जुनें रुप्याचें ताम्हन आम्हीं बाजारांत नेलें होतें. दुकानदारानें तें तराजूंत टाकलें, मोडीचा भाव सांगितला, आणि घडणावळीविषयीं विचारतां हंसून म्हणाला, "गुरुजी, मोडींत घडणावळ कसली?" व्यवहाराच्या दृष्टीनें त्याचें खरें होतें. तरी तें ताम्हन आम्हीं तसेंच परत आणिलें. कारण कांठावरील ती वेलबुट्टी कोणाची, हें वडिलांस विचारावयाचें आम्हांस कधीं सुचलें नाहीं, याची त्या क्षणीं फार लाज वाटली.

तरवार परत आली ती तीवरील नांवामुळें. नांव नसतें तर ती हजारांतील एक ठरती. म्हणून आमची गृहिणींस व तरुण मंडळीस एवढीच विनंति आहे. घरांतील वडील माणसें आहेत तोंवर एक वही करावी. कोणती वस्तु कोणाची हें तर लिहावेंच. पण ती कोणत्या गांवीं, कोणत्या कासारानें, सोनारानें वा सुतारानें घडविली, हेंहि विचारून लिहावें. वस्तु घरांत राहील वा न राहील. त्या हाताचें ऋण तरी आपल्या दप्तरीं नोंदलेलें राहील.