‘सर्व्हरशी संपर्क होत नाही’ म्हणजे नेमके काय?

काशीगावातल्या घरातून झूमची बैठक जुळत नसेल, तर सर्व्हरला दोष देण्याआधी तोच लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडून पाहावा. बैठक सुरू झाली, तर सर्व्हर शाबूत आहे आणि अडथळा घरच्या राउटरमध्ये किंवा ब्रॉडबँडच्या वाटेत आहे, हे जवळजवळ ठरते. ‘पण बाकीच्या वेबसाइट उघडतात की!’ हा आक्षेप रास्त वाटला, तरी अपुरा आहे. प्रत्येक सेवेचे सर्व्हर वेगळे, तिथे जाणारी वाटही वेगळी. वेबसाइट बहुधा ४४३ क्रमांकाच्या पोर्टवरून येतात, झूमचा आवाज आणि चित्र मात्र आधी ८८०१ ते ८८१० ही यूडीपी पोर्ट वापरू पाहतात. हॉटस्पॉटवरही अपयश आले, तर व्हीपीएन, अँटिव्हायरस आणि लॅपटॉपचे घड्याळ तपासावे. तारीख चुकली की सुरक्षा-प्रमाणपत्र नाकारले जाऊ शकते, आणि हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. दुसऱ्या गावातल्या सहकाऱ्यालाही तोच संदेश दिसत असेल, तेव्हा मात्र सर्व्हरवरचा संशय योग्य.