सुवर्णगरुडध्वज : ठाण्याच्या राजघराण्याची वंशावळ

ठाण्याच्या किल्ल्यात १७८७ साली नव्या बांधकामासाठी पाया खणताना एक ताम्रपट सापडला. रामलोचन पंडितांनी त्याचा अनुवाद केला, जनरल कार्नॅक यांनी तो कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीकडे पाठवला आणि सोसायटीच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’ या ग्रंथमालेच्या पहिल्याच खंडात तो छापून आला. किल्ल्याच्या जागी आज मध्यवर्ती कारागृह आहे. तेव्हा ठाणेकरांना ही जागा बाहेरूनच पाहिलेली बरी.

ताम्रपट शिलाहार राजा अरिकेसरीचा, शके ९३९ म्हणजे इसवी सन १०१७ मधला. त्याचं मूळ काम गावाचं दान नोंदवण्याचं. पण शिलाहारांचं कोणतंही दानपत्र घ्या, ते थेट मुद्द्यावर येत नाही. आधी देवाला वंदन, मग राजाची वंशावळ, मग बिरुदं, मग प्रधानांची नावं. त्यानंतर कुठे दान घेणाऱ्याचं गोत्र, त्याच्या वडिलांचं नाव आणि गावाच्या चतुःसीमा. शेवटी दान मोडणाऱ्याला शाप. पत्रे कडीत ओवलेले आणि कडीवर मुद्रा, तिच्यात गरुड. अक्षर न वाचता येणाऱ्या माणसालाही त्या गरुडावरून समजावं की हुकूम कोणाचा.

हा गरुड शिलाहारांच्या निशाणावरही होता. ‘सुवर्णगरुडध्वज’ हे त्यांचं आवडतं बिरुद. सोबत ‘तगरपुरपरमेश्वर’, म्हणजे तगर नगरीचे, आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचे धनी. आणि ‘जीमूतवाहनान्वयप्रसूत’, जीमूतवाहनाच्या कुळात जन्मलेले. जीमूतवाहन हा कथासरित्सागरातला विद्याधर राजपुत्र. हर्षाच्या ‘नागानंद’ नाटकाचा नायकही तोच. एका नागाचा जीव वाचवण्यासाठी तो स्वतः शिळेवर जाऊन बसला आणि गरुडाचा आहार व्हायला तयार झाला. शिळा आणि आहार, झाला शिलाहार! व्युत्पत्ती ओढूनताणून आणली आहे हे उघड आहे. शिलालेखांत हेच नाव ‘सिलार’ असंही येतं, तिथे आहाराचा पत्ताच नाही. पण कुळाचं नाव, कुळाची कथा आणि कुळाचं चिन्ह एकमेकांत इतकं चपखल बसवणाऱ्या कवीला दाद द्यायलाच हवी.

इंग्लंडमध्येही हा खेळ जुनाच. नावावर श्लेष करून ढालीवरचं चिन्ह ठरवायची तिथे रीतच आहे. फरक एवढा की तिथे हिशेब ठेवायला सरकारी खातं होतं. तिसऱ्या रिचर्डने १४८४ मध्ये सनद दिलेलं लंडनचं ‘कॉलेज ऑफ आर्म्स’ आजही चालू आहे. १५३० ते १६८८ या काळात त्याचे अधिकारी परगण्या-परगण्यात फिरून कोणाला कुलचिन्ह मिरवायचा हक्क आहे ते तपासत आणि वंशवृक्ष लिहून घेत. मात्र त्यांच्या नियमानुसार चिन्ह आडनावाला मिळत नाही. ते एका माणसाला आणि त्याच्या वंशजांना मिळतं. आडनाव सांगितलं की त्याचं ‘कुलचिन्ह’ चहाच्या मगावर छापून देणारी दुकानं आहेत, त्यांच्या धंद्याला या नियमात आधार नाही.

शिलाहारांचा मान असाच वरून आलेला होता. ते राष्ट्रकूटांचे मांडलिक. ‘समधिगतपंचमहाशब्द’ हे बिरुद सांगतं की पाच वाद्यं वाजवायचा मान त्यांना मिळालेला आहे, म्हणजे देणारा कोणीतरी वर आहे. म्हणून भिवंडीजवळच्या भादाणे इथल्या, शके ९१९ च्या दानपत्रात एक हृद्य प्रकार आढळतो. राष्ट्रकूटांचं राज्य चालुक्य तैलपाने बुडवून वीसेक वर्षं झाली होती. अपराजित शिलाहाराला आता कोणाची भीडभाड नव्हती. तरी त्याने आपल्या दानपत्रात आधी धन्याची, बुडालेल्या राष्ट्रकूटांची वंशावळ दिली आणि त्यांच्या अस्ताबद्दल खेदही नोंदवला.

वंशावळीत काय घातलं ते असं ठसठशीत दिसतं. काय गाळलं ते शोधावं लागतं. शिलाहारांच्या पुढच्या दानपत्रांत क्रम ठरलेला आहे : कपर्दी, पुलशक्ती, धाकटा कपर्दी, वप्पुवन्न, झंझ, गोग्गी, वज्जड, मग अपराजित. पण मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात छद्वैदेव नावाच्या शिलाहार राजाचा स्वतःचा ताम्रपट आहे. वज्जडाचा हा भाऊ राज्य करत होता, दान देत होता, पण नंतरच्या यादीत त्याचं नाव नाही. पुतण्याचा हक्क डावलून तो गादीवर बसला असावा, हा अभ्यासकांचा तर्क मला पटतो. वंशजांनी त्याला यादीतून काढून टाकलं. त्याचा तांब्याचा पत्रा मात्र उरला. वा. वि. मिराशींनी १९७७ मध्ये शिलाहारांचे सगळे लेख एका ग्रंथात आणले, त्यामुळे हे नाव आणि ती यादी शेजारी ठेवून पाहता येतात.

घराण्याचं पुढचं थोडक्यात. छित्तराज आणि मुम्मुणी यांच्या काळात अंबरनाथचं देऊळ उभं राहिलं. शके ९८२, म्हणजे १०६० सालचा लेख तिथेच आहे. तेराव्या शतकात यादव महादेवाने शेवटचा राजा सोमेश्वर याचा पराभव केला आणि सुवर्णगरुडाचं निशाण उतरलं.

मग शिलाहार गेले कुठे? शेलार आडनावाच्या मंडळींचं उत्तर तयार असतं. भिवंडीजवळ शेलार नावाचं गावही आहे. ‘सिलार’वरून ‘शेलार’ होणं भाषेच्या दृष्टीने सहज शक्य आहे. पण सोमेश्वर ते आजचा शेलार अशी अखंड पिढ्यांची साखळी कागदावर नाही. नावाचं साम्य हा शोध सुरू करायला पुरेसा पुरावा आहे, संपवायला नाही.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत आज वंशावळीचं काम चालतं ते कुलवृत्तांताच्या रूपाने. घराण्यातले चार निवृत्त लोक एकत्र येतात, छापील अर्ज पाठवतात, मूळ गावी जाऊन जुनी दप्तरं पाहतात आणि दहा-बारा वर्षांनी जाडजूड ग्रंथ निघतो : गोत्र, कुलदैवत, मूळ पुरुष, शाखा, उपशाखा. हे काम चिकाटीचं आहे आणि त्याचं मोल मोठं आहे. पण छद्वैदेवाचा न्याय तिथेही लागू होतो. घरात आलेली सून माहेरच्या नावासकट नोंदली जाते आणि लग्न होऊन गेलेल्या लेकीची शाखा बहुधा एका ओळीत संपते. वाद घालून वेगळा झालेला भाऊ तर कधीकधी एका ओळीलाही महाग होतो.

शिवाय हे ग्रंथ मोजक्याच समाजांत निघतात. याच भागातल्या आगरी, कोळी, कुणबी, ठाकूर घरांची वंशावळ फेरफाराच्या नोंदींत, शाळेच्या जुन्या दाखल्यांत आणि मोडीतल्या कागदांत विखुरलेली आहे. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना किती मागणी आली ते सगळ्यांनी पाहिलं. ना. गो. चापेकरांनी १९३३ मध्ये ‘आमचा गाव बदलापूर’ लिहून दाखवून दिलं होतं की एका घराण्याऐवजी अख्खं गाव, सगळ्या जातींसकट, नोंदवता येतं. त्या वाटेने फार कोणी गेलं नाही.

तुमच्या घरात कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघत असेल तर संपादकांना दोन गोष्टी सांगा. मुलींच्या शाखा पुढे चालवा, आणि प्रत्येक पिढीसमोर तिचा पुरावा कोणता ते लिहा : कागद, शिलालेख, की नुसती आजीने सांगितलेली गोष्ट. पुरावा नसेल तिथे जागा कोरी सोडा. जीमूतवाहन घालून ती भरू नका.