बाळाचं पोट मोठं, पहाटे झटके? नुसते जंत समजू नका

डोणगाव (ता. मेहकर) : "पोट केवढं दिसतंय, जंत झाले असतील," असं लहान मुलाकडं पाहून घरातली मोठी माणसं सहज म्हणतात. बहुतेक वेळा कारण साधंच असतं. पण मोठ्या पोटासोबत मूल पहाटे घामेघूम होत असेल, निपचित पडत असेल किंवा त्याला झटके येत असतील, तर जंताच्या औषधावर थांबू नये. यामागं लिव्हरचा दुर्मीळ आनुवंशिक आजार असू शकतो. त्याचं नाव ग्लायकोजेन स्टोरेज डिसीज.

नेमकं होतं काय?

जेवणातली जास्तीची साखर लिव्हर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं आणि पोट रिकामं असताना ती रक्तात सोडतं. या आजाराच्या पहिल्या प्रकारात साखर सोडणारी यंत्रणाच काम करत नाही. कणगी भरलेली, पण तोंड बंद! लिव्हर फुगत जातं आणि रक्तातली साखर घसरते. साखर वारंवार फार खाली गेली तर मेंदूला इजा होते. हा प्रकार साधारण एक लाख जन्मांत एका बाळात आढळतो.

ही लक्षणं ओळखा

- तीन ते सहा महिन्यांचं बाळ रात्री जास्त वेळ झोपू लागलं की पहाटे घाम, थरथर, सुस्ती किंवा झटके
- पोट पुढं आलेलं, गाल गुबगुबीत, पण हातपाय बारीक
- उंची वयाच्या मानानं कमी
- वारंवार नाकातून रक्त येणं

या आजारात सहसा कावीळ नसते. त्यामुळं "डोळे पिवळे नाहीत, म्हणजे लिव्हर ठीक" असं समजणं चुकीचं.

काय करावं?

मूल शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर ग्लुकोज पावडरचं पाणी द्यावं. बेशुद्ध असेल किंवा झटका चालू असेल, तर तोंडात काहीच घालू नये. कुशीवर झोपवून 108 वर फोन करावा. दवाखान्यात गेल्यावर "आधी साखर तपासा" असं आवर्जून सांगावं. पुढं सोनोग्राफी, रक्त आणि जनुक तपासणीतून निदान होतं.

उपचार काय?

वेळेवर निदान झालं तर आहारावर बरंच काही सांभाळता येतं. दर काही तासांनी खाणं आणि ठरावीक वयानंतर थंड पाण्यात कालवलेलं कच्चं कॉर्नफ्लोर, हा उपाय 1984 पासून वापरात आहे. ते हळूहळू पचतं, म्हणून साखर टिकून राहते. शिजवलं की हा गुण जातो. घरी दळलेलं मक्याचं पीठ त्याऐवजी चालत नाही. प्रमाण डॉक्टरच ठरवतात. दूध, फळं, साखर, गूळ यांवरही बंधनं येतात. पण अंगावरचं दूध स्वतःच्या मनानं तोडू नये.

दोष कुणाचाच नाही

आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच आजार होतो. ते दोघं स्वतः ठणठणीत असतात. अशा जोडप्याला प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. नात्यातल्या लग्नात हा धोका वाढतो. म्हणून सुनेला बोल लावू नये. भावंडांची तपासणी मात्र करावी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि पहाटेच्या त्रासाबद्दल डॉक्टरांना स्वतःहून सांगा. दुर्मीळ आजारांसाठी मुंबईचं केईएम रुग्णालय हे सरकारमान्य केंद्र आहे.