ज्यूडास ते अंकुश

ॲटॉमिक फॉरेस्ट या मुंबईच्या बँडची ‘ऑब्सेशन’ ही तबकडी या आठवड्यात एकेक गाणं घेऊन ऐकायची, असं मागच्या भागात ठरलं होतं. ते एक आठवडा पुढे ढकलतो आहे. निमित्त आहे मोहोपाड्याच्या एका वाचकांच्या पत्राचं. ते विचारतात, ‘जेट्स, कॉम्बस्टिबल्स, सॅव्हेजेस, सगळं वाचलं. पण नावं बघावीत तर पारशी, गोव्याकडची, दक्षिणेतली. या मुंबईच्या रॉकमध्ये मराठी घरातलं कुणी नव्हतंच का?’

हा प्रश्न मलाही अनेक वर्षं पडलेला होता. रसायनीत एचओसी आणि आजूबाजूचे कारखाने आले तशी देशभरातली माणसं कॉलन्यांमधून राहायला आली, आणि माझ्या कानावर रॉक पहिल्यांदा पडलं ते मल्याळी शेजाऱ्यांच्या कॅसेटवरून. हे संगीत ‘त्यांचं’ आहे, आपण ते उसनं ऐकतो, असंच तेव्हा वाटे. नंदू भेंडे या माणसाची ओळख झाली आणि ते वाटणं गेलं. तेव्हा आजचा भाग नंदू भेंड्यांचा.

आत्माराम भेंडे यांचं नाव मराठी वाचकाला सांगायला नको. ‘झोपी गेलेला जागा झाला’, ‘दिनूच्या सासूबाई राधाबाई’ ही बबन प्रभूंबरोबरची त्यांची फार्सची कारकीर्द ज्यांनी पाहिली ते आजही त्या आठवणीने हसतात. आशा भेंडे याही रंगभूमीवरच्या अभिनेत्री आणि शिवाय लोकसंख्याशास्त्राच्या नावाजलेल्या अभ्यासक. माहेरच्या त्या लिली एझिकेल, बेने इस्राएल समाजातल्या. म्हणजे ज्या समाजाचं मूळ गाव विचारलं की बोट आपल्या रायगडच्या किनाऱ्याकडे जातं. नंदू हा या दोघांचा मुलगा. घरात तालमी, पाठांतरं, नाटकवाल्यांची ये-जा. आणि हा मुलगा गिटारवाल्यांत जाऊन बसला. व्हेल्व्हेट फॉग, सॅव्हेजेस आणि पुढे ॲटॉमिक फॉरेस्ट, अशा मुंबईतल्या त्या काळच्या महत्त्वाच्या बँडमधून तो गायला.

रंगभूमीचं घर आणि रॉकचा गळा, या दोन गोष्टी एका माणसात आल्या म्हणून पुढचं सगळं घडलं. कसं ते समजायला आपल्या जुन्या प्रश्नाकडे यावं लागेल : मुंबईचं प्रोग्रेसिव्ह रॉक गेलं कुठे?

इंग्लंडात १९७२ साली काय चाललं होतं ते आपण पाहिलं. जेथ्रो टलचं ‘थिक ॲज अ ब्रिक’ हे तबकडीच्या दोन्ही बाजू व्यापणारं जवळजवळ ४४ मिनिटांचं एकच गाणं. येसचं ‘क्लोज टू द एज’ अठरा मिनिटांच्या वर. जेनेसिसचं ‘सपर्स रेडी’ तर साधारण तेवीस मिनिटांचं. हे करायला काय लागतं? स्टुडिओत आठवडेच्या आठवडे बसायची मुभा, लाँग प्लेची अख्खी बाजू देऊ करणारी कंपनी आणि ती विकत घेणारा श्रोता. आपल्याकडच्या बँडच्या नशिबी आलीच तर ४५ आरपीएमची छोटी ईपी येई. सिमला या सिगारेटच्या नावाने झालेल्या बीट स्पर्धेच्या १९७० आणि १९७१ च्या लाँग प्लेमध्येही एकेका बँडला एखाद-दोन गाण्यांची जागा. चांगली गिटार, चांगला ॲम्प्लिफायर मिळवायचा तर आयातीचे अडथळे. पोट चालायचं हॉटेलांत, रेस्टॉरंटांत आणि कॉलेजांच्या कार्यक्रमांत, आणि तिथे लोकांना हवी असत रेडिओवर ऐकलेली गाणी. तीन-चार मिनिटांचं गाणं वाजवा, टाळ्या घ्या, पुढचं वाजवा.

म्हणून नुसत्या तबकड्यांची यादी घेऊन बसणाऱ्याला मुंबईचं प्रोग्रेसिव्ह रॉक सापडतच नाही. माझं म्हणणं असं की ते तबकडीवर शोधूच नये. ते रंगमंचावर गेलं. लांब रचना, एका सूत्रात ओवलेली गाणी, पात्रांच्या तोंडून उलगडणारी कथा, बदलते ताल, म्हणजे ज्या गोष्टींसाठी आपण या संगीताला प्रोग्रेसिव्ह म्हणतो त्या सगळ्यांना आपल्याकडे जागा दिली ती नाटकाने. नाटकाकडे अडीच-तीन तास असतात, तालमीला महिने असतात आणि समोर जागेवर बसून ऐकणारं गिऱ्हाईक असतं.

(मोकळं मैदान ही दुसरी जागा. आपल्या खोपोलीवरून घाट चढून लोणावळं ओलांडलं की पुढचं स्टेशन मळवली. भाज्याची लेणी, लोहगड, विसापूर यासाठी आपण तिथे उतरतो. १९७१ मध्ये याच मळवलीला ‘स्नेहयात्रा’ नावाचा रॉकचा मेळा भरला होता. अमेरिकेतल्या वुडस्टॉकला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. सिद्धार्थ भाटियांच्या ‘इंडिया सायकेडेलिक’ या २०१४ च्या पुस्तकात त्या पिढीची सगळी हकिगत आहे. ज्यांना या काळात रस आहे त्यांनी ते मिळवून वाचावंच. स्नेहयात्रेवर एक वेगळा भाग मी करणार आहे.)

आता ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’. अँड्र्यू लॉइड वेबरचं संगीत, टिम राइसचे शब्द. हे आधी नाटक नव्हतं, १९७० साली आलेली दोन तबकड्यांची ध्वनिमुद्रिका होती. त्यात येशूचा आवाज डीप पर्पलच्या इयन गिलनचा आणि ज्यूडासचा मरे हेडचा. ब्रॉडवेवर ते आलं १९७१ च्या ऑक्टोबरात. मुंबईत ॲलेक पदमसींनी ते १९७४ साली उभं केलं. येशू झाला मधुकर चंद्रदास, ॲटॉमिक फॉरेस्टचा तोच गायक ज्याच्याविषयी गेल्या वेळी लिहिलं. आणि ज्यूडास झाला नंदू भेंडे.

ज्यूडासची भूमिका ज्याला मिळते त्याची परीक्षा पहिल्याच गाण्यात होते, कारण सगळ्या कथेला तोंड तोच फोडतो. गुरूला दगा देणारा शिष्य इथे खलनायक नाही. त्याला गुरूची काळजी आहे, चळवळीची काळजी आहे, आणि लोक माणसाला देव करायला लागलेत याची भीती आहे. गिटारचा एक आवर्तन घेत राहणारा तुकडा, आणि त्यावर वरच्या पट्टीत, खोटा आवाज न लावता छातीतून गायचं. मधेच आठाचा सरळ हिशेब सुटतो आणि सात मात्रांचा टप्पा येतो. ज्यांनी रूपक ऐकलाय त्यांना तीन-दोन-दोन ही चाल अंगवळणी आहे. रॉकच्या ड्रमवर ती आली की जमीन किंचित कलल्यासारखी वाटते, आणि ज्यूडासचं मन नेमकं तसंच कललेलं आहे. पुढे देवळातल्या बाजाराचा प्रवेश आहे तोही सातात. मेरी मॅग्डलिन येशूला शांत करते ते गाणं पाचात, म्हणजे आपल्या झपतालाच्या अर्ध्या आवर्तनात मावेल असं, फक्त विभागणी तीन-दोन. ते अंगाईसारखं डुलत असतानाच ज्यूडास त्यात घुसतो आणि सुगंधी तेलावर उधळलेल्या पैशांचा हिशेब मागतो. ताल तोच राहतो, पण अंगाईचं भांडण होतं. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे काय, हे कुणाला एका गाण्यात समजावून सांगायचं असेल तर मी हेच गाणं ऐकवतो : इथे विषम ताल हुशारी दाखवायला आलेला नाही, तो प्रसंगाने मागून घेतलेला आहे.

नाटकाच्या घरात वाढलेल्या नंदूला हे वेगळं शिकवावं लागलं नसणार. गाणं हे पात्राचं बोलणं असतं, ही गोष्ट मराठी रंगभूमीला १८८० च्या ‘शाकुंतल’पासून ठाऊक आहे. किर्लोस्करांच्या त्या नाटकापासून आपला प्रेक्षक पात्राने बोलता बोलता गायला लागणं सहज स्वीकारत आला. रॉकवाल्यांनी १९६९ च्या ‘टॉमी’ या रॉक ऑपेरापासून जो शोध लावला, तो आपल्या आजोबा-पणजोबांच्या नाटकवेडाचा रोजचा व्यवहार होता.

आणि म्हणूनच पुढचं पाऊल पुण्यात पडलं. त्याची तयारी थोडी आधीच सुरू झाली होती. १९७२ च्या १६ डिसेंबरला, म्हणजे ‘थिक ॲज अ ब्रिक’च्याच वर्षी, ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आलं. विजय तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत. त्यातून झालेल्या वादानंतर ही मंडळी पीडीए या त्यांच्या नाट्यसंस्थेतून बाहेर पडली आणि १९७३ मध्ये त्यांनी थिएटर ॲकॅडमी काढली. याच संस्थेने १९७८ साली ‘तीन पैशाचा तमाशा’ केला. मूळ नाटक ब्रेख्तचं, संगीत कुर्ट वाइलचं, बर्लिन १९२८. त्याचंही मूळ जॉन गे याचा १७२८ चा ‘बेगर्स ऑपेरा’, ज्यात लंडनच्या गल्लीबोळातल्या लोकप्रिय चाली उचलून चोर-भिकाऱ्यांच्या तोंडी घातल्या होत्या. मराठी रूप दिलं पु. ल. देशपांड्यांनी. दिग्दर्शन जब्बार पटेल. संगीत भास्कर चंदावरकर, आनंद मोडक आणि नंदू भेंडे यांचं. आणि नाटकाचा नायक, तो नामचीन गुंड अंकुश, रंगवला नंदू भेंड्यांनी.

या नाटकातली मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट ही की तिथे संगीताचे प्रकार पात्रांना वाटून दिलेले आहेत. नाट्यसंगीत आहे, लावणी आहे, भजनाचा ढंग आहे, आणि अंकुशच्या वाट्याला पाश्चात्त्य पॉप-रॉक आहे. बाकीच्यांना परंपरेने दिलेला एकेक गळा आहे. अंकुश कुठल्याच परंपरेचा नाही. शहराने घडवलेला, शहरावर जगणारा. त्याला अभंगही शोभला नसता आणि नांदीही. त्याच्या तोंडी रॉक आलं की हा माणूस कोण हे शब्दांआधी कळतं. वाइलने बर्लिनमध्ये कॅबरे आणि जॅझचा जो उपयोग केला, त्याचं मराठी उत्तर म्हणून हे मला पूर्ण पटतं.

इथे माझ्या आवडीचा एक आडमुद्दा. मराठी शब्द रॉकवर बसतात का? आपली टाळी समेवर पडते. भजनात, आरतीत, नाट्यपदात सगळं वजन पहिल्या मात्रेकडे धावत येतं. रॉकमध्ये ड्रमवाला स्नेअर मारतो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. इंग्रजी शब्दाला स्वतःचा आघात असतो, तो या ठोक्यात अडकवता येतो. मराठी शब्दाचा आघात सौम्य, मोजमाप लघु-गुरूचं. त्यामुळे मराठी ओळ सरळ रॉकवर टाकली की ती ठोक्यांच्या मधून वाहून जाते आणि गाणं भावगीताला ड्रम लावल्यासारखं होतं. यावर उपाय दोन. एक, ओळ समेवर सुरू न करता तिच्या अलीकडून उचलायची, म्हणजे गुरू अक्षर स्नेअरवर येऊन पडतं. दुसरा, मराठीच्या बळावर विसंबायचं : आपल्या ओळी बहुतेक वेळा आ, ई, ए, ओ अशा मोकळ्या स्वरांवर संपतात, आणि मोकळा दीर्घ स्वर रॉकच्या गायकाला ताणायला, फाडायला, वर न्यायला हवाच असतो. इंग्रजी गायकाला तो शोधावा लागतो, आपल्याला क्रियापदागणिक मिळतो. ज्यांना मराठीत रॉक करायचंय अशा आजच्या मुलांनी हे दोन्ही करून बघावं. मराठी रॉकला सोसत नाही, असं म्हणणाऱ्यांना १९७८ सालीच मराठी रंगमंचावरून उत्तर मिळालेलं आहे.

पुढची वाट थोडक्यात. १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’मधलं, बप्पी लाहिरींनी संगीत दिलेलं ‘कृष्णा धरती पे आजा तू’ हे नंदू भेंड्यांच्या आवाजातलं गाणं तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलं आहे, गायक कोण हे न विचारता. एप्रिल २०१४ मध्ये ते गेले. वडील आत्माराम भेंडे तेव्हा हयात होते.

एका गायकाची गाणी अशी विखुरलेली : थोडी बँडकडे, थोडी इंग्रजी रंगभूमीकडे, थोडी मराठी नाटकाकडे, एखादं हिंदी सिनेमाकडे. एका कपाटात ती मावत नाहीत, म्हणून कुणी ती एकत्र मांडली नाहीत. ज्यूडास आणि अंकुश हे एकाच कलावंताचे सलग दोन टप्पे आहेत. पहिल्यात त्याने रॉकमध्ये पात्र उभं करायला शिकून घेतलं, दुसऱ्यात ते शिक्षण मराठीत आणलं. मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह रॉकच्या यादीत मी तरी ‘तीन पैशाचा तमाशा’ला पहिल्या पाचांत ठेवतो, आणि ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर लिहावं.

तेव्हा मोहोपाड्याच्या वाचकांना माझं उत्तर : हो, होता, आणि तो नुसता हजर नव्हता, त्याने मराठीला त्यात सामील करून घेतलं.

पुढच्या भागात ‘ऑब्सेशन’ नक्की. १९८१ साली आलेली ही तबकडी २०११ मध्ये एका अमेरिकन कंपनीने पुन्हा काढली, त्यामुळे ती आता ऐकायला मिळते. शक्य असेल त्यांनी आधी ऐकून ठेवावी, म्हणजे गिटारच्या आवाजाबद्दल मला जे म्हणायचंय ते सोपं होईल. आणि एक विनंती. १९७४ च्या ‘सुपरस्टार’ची किंवा ‘तीन पैशाचा तमाशा’च्या सुरुवातीच्या प्रयोगांची छापील पत्रकं कुणाच्या घरी असतील, किंवा खोपोली-कर्जतकडचं कुणी १९७१ मध्ये घाट चढून मळवलीला गेलं असेल, तर कृपया कळवा. स्नेहयात्रेचा भाग मला तुमच्या आठवणींवरच लिहायचा आहे.